खुनाच्या गोष्टी आणि अर्जुनाचा प्रश्न



मागील आषाढी वारीत माउलींच्या पालखीबरोबर आमची दिंडी वाल्ह्यास मुक्कामाला होती. वाल्हे हे महर्षी वाल्मीकींचे गाव मानले जाते, त्यामुळे त्या रात्रीच्या कीर्तनात, अभंग कोणताही लावलेला असो, वाल्या कोळ्याचा दृष्टांत आल्याशिवाय राहात नाही. सेवा आमचीच होती. कीर्तन आटोपून, चार घास पोटात ढकलून, राहुटीत पाठ टेकावी म्हणून गेलो तो कोपऱ्यात दोन पोरे एकाच मोबाइलच्या दोन दोऱ्या कानात घालून, श्वास रोखून काहीतरी ऐकत बसलेली. त्यातला एक आमच्या विणेकरीबुवांचा नातू. आम्हाला वाटले, भजन ऐकत असतील. बरे वाटले. विचारले, "काय रे, कोणाचं भजन?"

पोरगा दचकला. म्हणाला, "भजन नाही महाराज. खुनाची केस आहे. पुण्याची. जुनी, पण खरी आहे."

"अरे, गळ्यात माळ, कपाळाला बुक्का, आणि वारीत येऊन हे ऐकायचं?" आमचा आवाज चढला. तसा तो पोरगा खाली मान घालून, पण अगदी सरळ बोलला. "राग मानू नका महाराज. पण मघाशी कीर्तनात तुम्ही तरी दुसरं काय सांगितलंत? कुऱ्हाड कशी उगारली, वाटसरू कसा पाया पडला, खडा रांजणात कसा टणकन पडला. लोक पेंगत होते, ते बरोबर तिथंच जागे झाले."

राहुटीत हशा पिकला. आम्हीही हसलो. विणेकरीबुवा नातवाच्या अंगावर धावून गेले, त्यांना आम्हीच आवरले. पण त्या रात्री झोप काही आली नाही, हे वाचक सज्जनांपाशी कबूल केले पाहिजे. कारण पोरगा बोलला ते खरे होते. चाळीस वर्षांवर आम्ही हा दृष्टांत सांगत आलो. पहिल्यापहिल्याने दोन वाक्यांत वाटमारी उरकून नारदांच्या प्रश्नावर येत होतो. पुढे पुढे लक्षात आले की, श्रोता जागा होतो तो कुऱ्हाडीपाशी. मग कुऱ्हाड लांबली. वाटसरूला एक लहान मूल आले, मग त्याची बायको आली. रांजणातल्या खड्याचा आवाज यावा म्हणून पखवाजवाल्यांना खूण करू लागलो, आणि ते धुमेवर एक अशी थाप देतात की मंडपातल्या बायका पदर तोंडाला लावतात. नारदांचे बोलणे मात्र होते तेवढेच राहिले. आम्ही ज्याला कीर्तन रंगणे म्हणत होतो, तो रंग कशाचा होता, हे एका सतरा-अठरा वर्षांच्या पोराने सांगावे लागले.

असो. आता त्या पुण्याच्या गोष्टीकडे येतो. कारण तिचा आमच्याशीही थोडा संबंध आहे.

पोरे ऐकत होती ती गोष्ट १९७६-७७ सालची. १९७६ च्या जानेवारीपासून १९७७ च्या मार्चपर्यंत पुण्यात दहा माणसे मारली गेली. पुण्यातली जुनी माणसे 'जोशी-अभ्यंकर खून' म्हणून त्याची आठवण काढतात. त्या दिवसांत अंधार पडला की पेठांतली दारे लागत. ओळखीच्या हाकेलासुद्धा लोक ओ देत नसत. ते आणीबाणीचे दिवस होते. वर्तमानपत्रांतून येई त्यापेक्षा तोंडोतोंडीच अधिक पसरे. १ डिसेंबर १९७६ च्या रात्री भांडारकर रस्त्यावरच्या एका बंगल्यात पाच माणसे गेली. त्यातले एक ऐंशी ओलांडलेले संस्कृत पंडित काशीनाथशास्त्री अभ्यंकर. त्यांच्याबरोबर त्यांच्या पत्नी, तरुण नात, नातू, आणि घरात काम करणाऱ्या एक वयस्क बाई.

आम्ही तेव्हा नदीकाठच्या एका पाठशाळेत कौमुदी घोकत होतो. अभ्यंकर हे नाव आम्हा विद्यार्थ्यांना देवघरातल्या नावासारखे. शास्त्रीबुवांचे वडील वासुदेवशास्त्री यांनी पतंजलींचे व्याकरण-महाभाष्य मराठीत आणले. ते जाडजूड खंड आमच्या पाठशाळेच्या फडताळात होते. काशीनाथशास्त्र्यांनी स्वतः केलेला संस्कृत व्याकरणाचा कोश १९६१ साली बडोद्याहून निघाला, तोही गुरुजींच्या मेजावर असे. वर्तमानपत्र आमच्याकडे दुसऱ्या दिवशी येई. ते वाचून गुरुजी बराच वेळ काही बोलले नाहीत. मग उठून त्यांनी फडताळातून महाभाष्याचा पहिला खंड काढला, चौरंगावर ठेवला, आणि नेहमीचा पाठ बाजूला ठेवून त्याची प्रस्तावना आम्हाला वाचायला लावली. आमच्यातल्या एकाने मध्येच विचारले, "गुरुजी, शास्त्रीबुवांना मारलं कसं?" गुरुजी म्हणाले, "कसं मारलं ते विचारू नकोस. का मारलं ते मला कळलं तर मी होऊन सांगेन."

पुढे १९७७ च्या मार्चअखेरीस मारेकरी सापडले. कोणी नामांकित दरोडेखोर नव्हेत, कोणी वेडे नव्हेत; पुण्यातल्याच एका कलाशाळेत चित्रकला शिकणारी मुले. पहिला बळी तर त्यांच्याबरोबरच शिकणारा विद्यार्थी होता. दारूची संगत, फुकटच्या पैशाची चटक, लहानसहान चोऱ्या, आणि मग हे. १९७८ साली चौघांना फाशीची शिक्षा झाली, १९८३ साली येरवड्याच्या कारागृहात ती अमलात आली. त्यांचा एक साथीदार माफीचा साक्षीदार झाला होता. ह्या घटनेवर 'माफीचा साक्षीदार' नावाचा चित्रपटही १९८६ साली निघाला. मारणाऱ्यांपैकी एकाने तुरुंगात बसून आपली कहाणी लिहिली, तीही छापली गेली. आज पन्नास वर्षे होत आली, आणि आमच्या राहुटीतल्या पोराला त्या चौघांची नावे आडनावांसकट पाठ होती. शास्त्रीबुवांनी कोणता ग्रंथ लिहिला ते त्याला ठाऊक नव्हते. त्यात त्याचा दोष नाही. त्याला गोष्ट सांगणाऱ्यांनी ते सांगितलेच नव्हते. म्हणून आम्हीही येथे त्या चौघांची नावे लिहीत नाही.

पकडलेली मुले आमच्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी, एवढेच. आमच्या पाठशाळेत खळबळ उडाली. आम्ही सगळी पोरे एकमुखाने म्हणत होतो, ह्यांना चौकात फाशी द्या. एकाने गुरुजींना आठवण करून दिली, "गुरुजी, का मारलं ते सांगणार होता." गुरुजी म्हणाले, "मला अजून कळलेलं नाही. पण अर्जुनालाही कळलं नव्हतं, म्हणून त्यानं विचारलं होतं. चला, तिसरा अध्याय काढा." आणि त्यांनी छत्तिसाव्या श्लोकापासून पाठ घेतला.

अर्जुनाचा तो प्रश्न वारकऱ्यांना नवा नाही. मनुष्याच्या मनात नसताही, जणू कोणी मानगुटीला धरून कामाला जुंपावे तसा तो पाप करून बसतो. तर हा जुंपणारा कोण? गुरुजी व्याकरणाचे, त्यामुळे त्यांनी आमचे लक्ष एकाच शब्दावर आणले. अर्जुनाने दुर्योधन असा का वागतो असे विचारलेले नाही. पलीकडच्या सैन्यात द्रौपदीची वस्त्रे ओढणारा दुःशासन उभा होता. त्याचेही नाव घेतलेले नाही. तो म्हणतो 'पूरुष'. "हे एकवचन एका माणसाचं नव्हे," गुरुजी म्हणाले, "हे जातीचं एकवचन आहे. ह्यात तो येतो, मी येतो, आणि मघापासून फाशी फाशी म्हणून ओरडणारे तुम्हीही येता."

तेव्हा ते आम्हाला आवडले नाही. आम्ही कुठे आणि ते कुठे!

भगवंतांनी उत्तर दिले ते काम आणि क्रोध. काम म्हटले की सामान्य लोकांचे लक्ष एकाच अर्थाकडे जाते. परंतु शास्त्रात काम म्हणजे हवेपणा. पैसा हवा, मान हवा, मूल हवे, पुरून ठेवलेले धन हवे. आमच्या मराठवाड्यात मानवतला १९७२ ते १९७४ ह्या काळात बायका आणि कोवळ्या मुली मारल्या गेल्या, त्याच्या मुळाशी गुप्तधनाची आणि संततीचीच हाव होती, आणि तिला देवाधर्माचे पांघरूण घातले होते. २०२४ साली त्यावर मालिकाही निघाली. त्या भागात कीर्तनाला गेलो की आजही म्हातारी माणसे तो विषय निघाला की गप्प होतात. हवेपणाला धर्माचे सोवळे नेसवले की त्याला कोणी शिवत नाही. मग तो काय वाटेल ते करतो. आमच्या संतांनी शेंदूर फासलेल्या दगडापुढे जीव मारणाऱ्यांना किती कठोर शब्द वापरले आहेत ते वारकऱ्यांना सांगायला नको. पण ते शब्द टाळमृदंगात म्हणून आपण पुढे जातो.

हा हवेपणा अडला की त्याचाच क्रोध होतो. दोघे भाऊच. भगवंतांनी ह्या कामाला खादाड म्हटले आहे. त्याचे पोट भरतच नाही. माउलींनी ह्या ठिकाणी ज्ञानेश्वरीत काम-क्रोधांचे जे वर्णन केले आहे, ते वाचताना एखाद्या वाटमाऱ्या टोळीचेच वर्णन वाचतो आहोत असे वाटते. आणि मग ते तीन दृष्टांत येतात: धुराने झाकलेला अग्नी, धुळीने मळलेला आरसा, वारेने वेढलेला गर्भ. फुंकर घातली की धूर हलतो, आरसा पुसावा लागतो, वार तर वेळ आल्याखेरीज सुटतच नाही. कोणाच्या बुद्धीवर धूर आहे, कोणाच्या धूळ, कोणाच्या वार. पण झाकण नाही असा कोणी सांगितलेला नाही. वाईट माणसे आणि चांगली माणसे अशा दोन पंगती भगवंतांनी येथे बसवलेल्या नाहीत. पडदा पातळ की जाड, एवढाच भेद.

हे सगळे आम्हाला पाठ होते. श्लोक पाठ, अन्वय पाठ, भाष्य पाठ. आता पुढचे लिहिताना लेखणी अडखळते. पण त्या पोराने आमची कुऱ्हाड उघडी पाडली, तेव्हा हेही झाकून ठेवणे बरे नव्हे.

त्याच वर्षी, १९७७ च्या श्रावणात, एकादशीच्या रात्री आम्ही भिंत ओलांडून शहरात सिनेमा पाहायला गेलो. आमच्याबरोबर शिकणारा एक विद्यार्थी होता. आमच्याहून हुशार, आवाज आमच्याहून गोड. त्याने गुरुजींना सांगितले. खोटे काहीच सांगितले नाही. आम्हाला शिक्षा झाली: महिनाभर कीर्तनाला उभे राहायचे नाही, आणि गोकुळाष्टमीची आमची ठरलेली सेवा त्याला मिळाली. झाले! तीन दिवस आम्ही त्याचेच चिंतन केले. विठ्ठलाचे इतके एकाग्र चिंतन आम्ही आजवर केलेले नाही. जेवताना तो, घोकताना तो, झोपेत तो. दुसऱ्या अध्यायात भगवंतांनी जी उतरंड सांगितली आहे, की चिंतनातून आसक्ती, आसक्तीतून काम, त्यातून क्रोध, मग भ्रम, मग आठवणीचा नाश, मग बुद्धीचा, तिची एकेक पायरी आम्ही खाली उतरत होतो, आणि तोंडाने तेच श्लोक म्हणत होतो.

तिसऱ्या दिवशी तो घाटाच्या खालच्या पायरीवर वाकून धोतर धूत होता. नदीला पूर होता. जवळपास कोणी नव्हते. आम्ही त्याच्या मागे उभे होतो आणि आमच्या हातात दगड होता. तो केव्हा उचलला हे आम्हाला आजही आठवत नाही. वजन मात्र आठवते. मनात राग नव्हता, हे विशेष. राग केव्हाच मागे पडला होता. मन अगदी शांत होते. नुसते एक काम करायचे राहिले आहे, असे वाटत होते.

तेवढ्यात वरून स्वयंपाक करणाऱ्या काकूंची हाक आली: "पोरांनो, पानं वाढलीत रे!"

दगड हातातून गळला, पाण्यात पडला. तो वळला, हसला, म्हणाला, "मासे मारतोस काय?" आम्ही दोघे वर आलो. पंगतीत आम्ही त्याच्याच शेजारी बसलो. वाटाण्याची उसळ होती. हात थरथरत होता म्हणून आमटी सांडली.

आता कोणी म्हणेल, महाराज, तुमचे पूर्वपुण्य होते, माळकरी होतात, म्हणून वाचलात. नाही हो. माळ तेव्हाही गळ्यात होती. आम्हाला पुण्याने वाचवले नाही, हाकेने वाचवले. जेवायची वेळ झाली, काकूंनी हाक मारली, एवढेच. त्या जर आणखी थोडा वेळ चुलीपाशीच राहिल्या असत्या, तर आज आमच्याही नावाची एखादी गोष्ट राहुटीतली पोरे कानात दोऱ्या घालून ऐकत असती. चौकात फाशी द्या म्हणून ओरडून आम्हाला पाच महिनेसुद्धा झाले नव्हते.

ह्याचा अर्थ त्या चौघांचे आणि आमचे सारखेच, असा कोणी काढू नये. त्यांनी केले, आम्ही केले नाही, आणि ज्यांनी केले त्यांच्या मागे उद्ध्वस्त घरांचा आकांत आहे. एकदा हात चालला आणि पुन्हा, पुन्हा, महिन्यामागून महिने चालत राहिला, ह्यात जी घडी बसत जाते तिचा अनुभव आम्हाला नाही. दगड उचलणे आणि टाकणे ह्यांच्यात अंतर आहेच. पण ते अंतर हातभराचे आहे, योजनांचे नव्हे, इतकेच आम्हाला सांगायचे आहे. आणि ते चौघे होते, हेही विसरू नये. आमचे मत असे की, एकट्याला कोणाची तरी हाक ऐकू येते. टोळी झाली की सगळे एकमेकांना ओ देतात आणि बाहेरची हाक आत पोचत नाही.

ह्या संगतीचे जितके सूक्ष्म चित्र व्यासांनी काढले आहे तितके आम्ही दुसरीकडे पाहिले नाही. महाभारताचे दहावे पर्व, सौप्तिक. युद्ध संपलेले आहे. अश्वत्थामा, कृपाचार्य आणि कृतवर्मा तिघे वडाखाली पडले आहेत. दोघांना झोप लागली, अश्वत्थामा जागा. वडावर कावळे झोपलेले. एक घुबड येते आणि झोपेतच त्यांना मारते. अश्वत्थाम्याला वाटते, हा आपला गुरूच भेटला! तो दोघांना उठवतो. कृपाचार्य परोपरीने सांगतात: आजची रात्र झोप घे, सकाळी बोलू. किती साधा उपाय! पण तो म्हणतो, रागावलेल्याला आणि हव्यासाने पेटलेल्याला झोप कोठली? आणि मग शेवटी काय होते? तो निघतो, तेव्हा ते शहाणे कृपाचार्यही त्याच्या मागून निघतात. आत शिरून झोपलेल्यांना मारणारा अश्वत्थामा. पण दाराशी उभे राहून पळणाऱ्यांना मारणारे कृपाचार्य आणि कृतवर्मा. ज्याला हे पाप आहे असे पुरते ठाऊक होते, तोच दाराशी उभा राहिला.

हा अश्वत्थामा कोण? लहानपणी इतर मुले दूध पितात म्हणून रडला, तेव्हा पाण्यात कालवलेले पीठ दूध म्हणून दिले गेले आणि ते पिऊन आनंदाने नाचला, तोच हा. आदिपर्वातली ही कथा द्रोणाचार्य स्वतः सांगतात. ते पाहून त्यांच्या काळजाला घर पडले, ते मित्र म्हणून द्रुपदाकडे गेले, तेथे अपमान झाला, आणि त्या एका वाटीतून सगळे वैर वाढत गेले. मारणाऱ्याच्या आयुष्यात मागे गेले की बहुतेक कोठेतरी अशी वाटी सापडते. ती दाखवली पाहिजे, व्यासांनीही दाखवली. पण पिठाचे पाणी ह्या देशात लाखो लेकरांनी प्यालेले आहे, आणि त्यातली बहुतेक कोणाच्या झोपेत शिरली नाहीत. म्हणून वाटी दाखवून मोकळे होता येत नाही. अलीकडच्या गोष्टींत दोन्ही टोके दिसतात: कोणी म्हणतो तो जन्माचाच राक्षस, कोणी म्हणतो बिचाऱ्याचे बालपण. दोन्हींत सांगणारा आणि ऐकणारा सुटतो.

आणि व्यासांची खरी थोरवी तर ह्याच्या पुढेच आहे. सौप्तिकाच्या पाठोपाठ त्यांनी अकरावे पर्व ठेवले, ते स्त्रीपर्व. मधल्या काळात अश्वत्थाम्याचा पाठलाग आहे, मणी काढून घेणे आहे. रहस्यकथा म्हणून पाहाल तर आरोपी सापडला, शिक्षा झाली, प्रकरण मिटले. व्यास मात्र थांबत नाहीत. मुले मारली गेल्याचे कळताच द्रौपदी वाऱ्याने हललेल्या केळीसारखी कापत कोसळते. मग गांधारी रणांगणावर येते. ज्या सुनांना सूर्यानेसुद्धा पाहिले नाही त्या मोकळ्या केसांनी धडे आणि शिरे जुळवीत फिरतात. एका रात्रीची कत्तल सांगायला जेवढे अध्याय लागले, त्याहून अधिक अध्याय रडण्याला दिले आहेत. आम्ही त्या पोराला विचारले, "बाळ, तुझ्या त्या गोष्टीत स्त्रीपर्व असतं का रे?" त्याला प्रश्न कळला नाही. समजावून सांगितल्यावर तो विचार करून म्हणाला, "पोलिसांनी पकडलं की संपते महाराज. फार तर फाशी."

भागवताने ह्याच प्रसंगात आणखी एक पाऊल टाकले आहे. अर्जुन अश्वत्थाम्याला बांधून आणून द्रौपदीपुढे टाकतो. पाच मुलगे गमावलेली ती माता म्हणते, ह्याला सोडा. मी रडते आहे तशी ह्याची आई रडू नये. ह्यावर आम्ही पुष्कळदा कीर्तन केले आहे. लोक हमखास रडतात. न्यायालयाने काय करावे हा प्रश्न येथे नाही, आणि द्रौपदीएवढे मन कोणाही दुःखिताकडून मागण्याचा अधिकार आम्हा टाळकुट्यांना नाही. पण एवढे दिसते की, त्या क्षणी द्रौपदीला अश्वत्थामा दिसलाच नाही, कृपी दिसली. गोष्ट ऐकताना आपली नजर कोणावर असते?

आता वाल्याकडे परत येतो. वाल्ह्याहून आल्यावर आम्ही अध्यात्मरामायण पुन्हा उघडले. तेथे अयोध्याकांडात ही कथा वाल्मीकी स्वतः प्रभू रामचंद्रांना सांगतात. किती वेळा वाचली असेल! पण ह्या खेपेस कुऱ्हाड शोधीत वाचली, आणि सापडली नाही. रांजण नाही, खडे नाहीत, वाटसरूचे मूल नाही. ते सगळे आम्हा मागून आलेल्यांचे. ऋषी आपल्या पापाचे कारण एकच सांगतात, संगत. चोरांच्या संगतीने चोर झालो. कोणाला कसे मारले ह्याचा एक शब्द नाही. येथे सप्तर्षी येऊन विचारतात ते एवढेच: ज्यांच्यासाठी तू हे करतोस, ते ह्या पापाचे वाटेकरी होतील का, विचारून ये. बायकोमुले म्हणतात, पाप तुझे. आम्ही फक्त फळाचे धनी.

येथवर आम्ही नेहमी सांगतो, आणि बायकोमुलांच्या स्वार्थाला चार शब्द सुनावून पुढे जातो. पण त्या रात्री राहुटीत पडल्या पडल्या आमच्या मनात आले की, वाल्याच्या लुटीवर त्याचे घर जगले. आणि त्याच्या कुऱ्हाडीवर आमचे कीर्तन जगले. श्रोत्याला क्षणभर जाग आली, आम्हाला बिदागी मिळाली, मालिकावाल्याला त्याचे पैसे मिळाले. आणि भांडारकर रस्त्यावरच्या त्या घरातल्या काम करणाऱ्या बाईंना, ज्या आपल्या धन्याच्या घरी भांडी घासायला म्हणून राहिल्या होत्या, त्यांना काय मिळाले? ऋषींनी आम्हाला विचारले की तुम्ही वाटेकरी का, तर आम्ही काय उत्तर देणार होतो? आम्ही फक्त फळाचे धनी, असेच ना?

खऱ्या गुन्ह्याची गोष्ट सांगूच नये असे आमचे म्हणणे नाही. मग महाभारत सांगता येणार नाही, आणि वाल्ह्याला मुक्कामही करता येणार नाही. माउलींनी ज्ञानेश्वरीच्या शेवटी विश्वात्मक देवापाशी मागणे मागितले, त्यात दुष्टांचा विसर पडावा असे मागितलेले नाही, ते मरावेत असेही नाही. त्यांच्यातला वाकडेपणा जावा, असे मागितले. ज्याचा वाकडेपणा जावा असे वाटते, त्याची हकीकत जवळून ऐकावी लागतेच. वैद्य व्रण पाहतो तशी. जत्रेतला खेळ पाहतो तशी नव्हे.

दुसऱ्या दिवशी नीरेवर माउलींच्या पादुकांना स्नान झाले. लोणंदच्या वाटेवर तो पोरगा आमच्या बरोबरीने चालत होता. त्याच्या कानात दोऱ्या नव्हत्या. पण ते आमच्या भीतीने असेल. त्याला आम्ही घाटावरची हकीकत सांगितली. का सांगितली कोण जाणे. आजवर घरातही सांगितली नव्हती. तो पुष्कळ अंतर गप्प चालला. मग म्हणाला, "महाराज, त्यांना ठाऊक आहे?"

"कोणाला?"

"धोतर धूत होते त्यांना."

आम्ही म्हटले, "नाही. त्याला अजूनही वाटत असेल की आम्ही मासे मारत होतो."

"हयात आहेत का ते?"

हयात आहेत. आमच्याहून दोन वर्षांनी मोठे. कीर्तन सोडून बरीच वर्षे झाली. घशाचा आजार झाला. पाठशाळेतल्या एका जुन्या मित्राकडून परवाच पत्ता आणवला आहे. पंढरपुराहून त्यांचे गाव एस.टी.ने चार तासांवर आहे. ह्या आषाढीचा काला झाला की आम्ही दिंडीबरोबर परतणार नाही. तिकडे जाणार आहोत.